ॲप नंतर, आधी अपूर्णांक

प्रश्न : आम्ही सांगली जिल्ह्यातले जिल्हा परिषद शाळांचे चौघे शिक्षक आहोत. पाचवी ते आठवीच्या मराठी माध्यमाच्या मुलांसाठी आणि त्यांच्या शिक्षकांसाठी पूर्णपणे मोफत असं ऑनलाइन व्यासपीठ उभं करायचं आहे. माझा भाचा इंजिनियर आहे, तो ॲप करून द्यायला तयार आहे. लोकवर्गणीतून दोनेक लाख रुपये जमतील. सुरुवात कुठून करावी? सगळे विषय एकदम घ्यावेत का? सर्व्हर कुठला घ्यावा?

उत्तर : बाई, सर्व्हरचं तुम्ही सगळ्यात शेवटी विचारलंत ते बरं केलंत, कारण तो खरोखरच शेवटचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न तुमच्या पत्रात नाहीच, तो मी विचारतो. तुमच्या चौघांपैकी एकाची बदली झाली, भाच्याला हैदराबादेत नोकरी लागली आणि वर्गणी संपली, तर तिसऱ्या वर्षी या गोष्टीचं काय होणार?

खवचटपणे विचारत नाही. मी बारा वर्षं शाळेत शिकवलं आणि त्यापुढची अकरा वर्षं याच कामात घातली. दोन व्यासपीठं उभी केली, त्यातलं पहिलं बुडालं.

ते आम्ही सगळं हाताने बांधलं होतं. मित्राला संकेतस्थळं बांधायची पीएचपी ही भाषा येत होती, मला गणित शिकवता येत होतं. लॉगिन झालं, प्रगतीपुस्तक झालं, मुलांना मिळणारे तारे झाले, शिक्षकांसाठी चर्चेची खोली झाली. चौदा महिन्यांनी मोजलं तेव्हा प्रत्यक्ष धडे भरले सव्वीस. तरी उत्साह दांडगा. क्यूआर कोडचे स्टिकर छापले आणि साठेक शाळांच्या भिंतींवर चिकटवून आलो. पुढे मित्र नोकरीसाठी परदेशी गेला. संकेतस्थळाचं नाव त्याच्या खाजगी मेलवर नोंदलेलं, पैसे त्याच्या जुन्या कार्डातून जायचे. कार्ड बंद झालं, नूतनीकरणाच्या सूचना तो न उघडणाऱ्या मेलवर येत राहिल्या, नाव सुटलं आणि भलत्यानेच ते विकत घेतलं. मला कळलं ते एका मुख्याध्यापकांच्या फोनवरून: "गुरुजी, तुमचं स्टिकर स्कॅन केलं की रमी येतीय." ते हसत होते. मी दोन शनिवार पत्ती घेऊन भिंती खरवडल्या.

म्हणून पहिली कामं ही. नाव संस्थेच्या किंवा गटाच्या सामाईक मेलवर नोंदवा, पासवर्ड दोघांकडे ठेवा, आणि एकरकमी दहा वर्षांचे पैसे भरा, तेवढी मुभा असते. छापील क्यूआर नेहमी स्वतःच्या नावावरच्या पत्त्याकडे न्या आणि तिथून पुढे वळवा, म्हणजे उद्या व्हिडिओची जागा बदलली तरी कागद बाद होत नाही. हे फुकट मिळणारे क्यूआर बनवणारे काही जण मधेच पैसे मागतात, नाही दिले की कोड मरतो. त्यांच्या नादी लागू नका.

आता ॲप. भाच्याला वाईट वाटेल, पण नवं काही बांधू नका. मूडल ही ऑनलाइन वर्ग चालवायची तयार प्रणाली २००२ पासून आहे. मार्टिन डुगियामास या ऑस्ट्रेलियातल्या गृहस्थाने ते सुरू केलं, ते मुक्त परवान्याखाली आहे, म्हणजे कुणीही फुकट वापरावं आणि बदलावं, आणि आपण बांधायला निघालो होतो ते सगळं त्यात आहे: वर्ग, चाचण्या, प्रश्नपेढी, गुण, शिवाय मोबाइलचं ॲपही. दुसरं आहे कोलिब्री. त्याचा जन्मच इंटरनेट नसलेल्या ठिकाणांसाठी झाला. एका जुन्या लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पायच्या तळहाताएवढ्या संगणकावर ते बसवायचं, एक राउटर लावायचा, आणि वर्गातले टॅब किंवा फोन त्या राउटरला जोडून ब्राउझरमध्ये उघडायचे. नेटपॅक लागत नाही, रेंज लागत नाही. शिक्षकाला कोण कुठे अडलंय ते दिसतं, आणि दोन ठिकाणच्या नोंदी नंतर जुळवताही येतात.

दोन्हींत काय निवडावं हे शाळेवर आहे. मुलं घरून फोनवर येणार असतील तर मूडल. शाळेतच, आठवड्यातून दोन-तीन तास, अशी खात्री असेल तर कोलिब्री. तुमची शाळा द्विशिक्षकी असेल आणि एकाच बाईंना तीन वर्ग सांभाळायचे असतील तर मी डोळे झाकून कोलिब्री सांगेन. त्या बाईंना खरं हवं असतं ते एवढंच, की सातवीला शिकवत असताना पाचवी अर्धा तास शांतपणे काही उपयोगाचं करत राहावी.

केंद्र सरकारचं दीक्षा हे व्यासपीठ आहेच की, असं तुमचे केंद्रप्रमुख म्हणतील, आणि बरोबर म्हणतील. २०१७ पासून दीक्षा आहे, बालभारतीच्या पुस्तकांत तिचे क्यूआर आहेत, आणि पुस्तकात क्यूआर घालण्याची वाट सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी आधीच चालून दाखवली होती. मग तुम्ही काय वेगळं देणार? उत्तर शोधायला एक महिना द्या. केंद्राच्या शिक्षण परिषदेत पाच शिक्षकांना बाजूला घेऊन विचारा, की गेल्या आठवड्यात कुठल्या घटकाला वर्ग अडला, आणि तेव्हा हाताशी काय नव्हतं. बहुतेक जण 'व्हिडिओ हवा' म्हणणार नाहीत. व्हिडिओ रग्गड आहेत. टाळेबंदीत २०२० साली ग्रुपवर रोज दहा लिंक पडायच्या, त्यातल्या किती उघडल्या गेल्या ते तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक आहे. आम्ही विचारलं तेव्हा उत्तर आलं: सरावाला प्रश्न पुरत नाहीत, आणि मूल कुठे चुकतंय ते तपासायला वेळ नाही.

म्हणून सगळे विषय एकदम घेऊ नका. एक इयत्ता, एक विषय, एक घटक. मी पाचवीचे अपूर्णांक घेतो, कारण तिथे मूल एकदा अडलं की आठवीच्या बीजगणितापर्यंत अडलेलंच राहतं.

आणि व्यासपीठाचा जीव प्रश्नात असतो, म्हणून इथे जरा थांबतो. १/२ + १/३ किती? चार पर्याय द्यायचे तर बहुतेक प्रश्नसंचांत तीन चुकीचे पर्याय मनाला येतील ते असतात. त्याऐवजी वर्गातल्या वह्या काढा. २/५ लिहिणारं मूल अंशात अंश आणि छेदात छेद मिळवतं. २/६ लिहिणाऱ्याने छेद सहा केला, पण अंश तसेच सोडले. १/५ वाल्याने छेद मिळवले आणि वरचा एक तसाच उतरवला. आणि ५/६ बरोबर. आता चाळीस मुलांनी उत्तरं दिली की शिक्षकाच्या पडद्यावर 'सरासरी ५५ टक्के' दाखवायची गरज नाही. 'अकरा जण छेद मिळवतायत' एवढं दाखवा. त्या अकरा जणांना उद्या सकाळी पाटीवर भाकरीचे तुकडे काढून दाखवायला दहा मिनिटं पुरतात. तसंच दशांशाचं: ०.५ मोठा की ०.३५? जी मुलं ०.३५ म्हणतात ती पस्तीस पाचापेक्षा मोठे म्हणून म्हणतात. एका प्रश्नात ते उघडं पडतं. असे चाळीस प्रश्न तुम्ही चौघांनी वह्या समोर ठेवून लिहिलेत तर त्याला तोड नाही. हे काम भाचा करू शकत नाही, मीही नाही. तुमच्याच वर्गाच्या वह्या लागतात.

आता आमच्या दुसऱ्या व्यासपीठावरची एक चूक सांगतो, कारण ती तुमच्याकडूनही होणार. पर्यायांऐवजी उत्तर टाइप करायचे प्रश्न घातले होते. माण तालुक्यातल्या एका शाळेत मी मागच्या बाकावर बसून बघत होतो. सहावीतल्या एका मुलीने वहीत गणित केलं, बारा आलं, फोनवर मराठी कळफलकातून १२ लिहिलं. लाल फुली. तिने खोडून पुन्हा १२ लिहिलं. फुली. तिसऱ्यांदा लिहिलं, मग वहीकडे पाहिलं, आणि वहीतलं बरोबर उत्तर खोडून शेजारच्या मुलाच्या वहीत डोकावली. आमच्या संगणकाला फक्त इंग्रजी आकड्यांतले बारा कळत होते. देवनागरी आकडा त्याच्या लेखी आकडाच नव्हता. दुरुस्ती दोन ओळींची होती, उत्तर तपासण्याआधी देवनागरी आकडे बदलून घ्यायचे, बस. पण तोवर सहा आठवडे ते चालू होतं आणि एकाही शिक्षकाने कळवलं नव्हतं. मुलाचंच चुकलं असं सगळे धरून चालले होते. तेव्हापासून माझा नेम आहे: कुठलीही नवी गोष्ट आधी एका वर्गात न्यायची, मागे बसायचं, आणि तोंड बंद ठेवायचं. मूल अडलं तरी 'तिथे दाब' म्हणायचं नाही. हे शेवटचं फार अवघड जातं, शिक्षकाला तर फारच.

मराठीच्या अशा खोड्या आणखी आहेत. मुलं शोधताना 'अपुर्णांक' लिहितात, काही जण रोमन लिपीतून लिहितात, आणि तुमचा शोध फक्त 'अपूर्णांक' ओळखतो. ऱ्हस्व-दीर्घ एक धरून शोधायची सोय करा. गटातल्या शिक्षकांकडे वर्षानुवर्षांच्या प्रश्नपत्रिका असतील, पण निम्म्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये. त्या तुमच्याकडे उघडल्या की अगम्य चिन्हांचा चिवडा दिसेल. त्या रूपांतरित होतात, मात्र 'ऱ्या', 'ज्ञ', रफार हटकून बिघडतात, तेव्हा एका माणसाने डोळ्यांनी वाचून काढल्याशिवाय काही चढवू नका. फॉन्ट म्हणून मुक्ता घ्या. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने केलाय, मुक्त परवाना आहे, लहान पडद्यावर जोडाक्षरं नीट दिसतात. आणि आवाज रेकॉर्ड करताना संख्या कशा वाचायच्या ते आधी आपसात ठरवून घ्या. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. आमच्याकडे एका धड्यात एक बाई 'त्रेसष्ट' म्हणायच्या आणि पुढच्याच धड्यात दुसरे सर 'साठ तीन'. मुलांचं फार बिघडलं नाही, पालकांचे फोन मात्र आले.

व्हिडिओ हवेच असतील तर थोडे, आणि पाच मिनिटांच्या आतले. त्याहून आवाज आणि चित्रं जास्त चालतात. हिशेब करा: ३२ केबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला ३२ किलोबिट धरून, दहा मिनिटांचा बोललेला धडा सुमारे अडीच एमबीत मावतो. तेवढाच व्हिडिओ बऱ्या दर्जाचा ठेवला तर तीस-चाळीस पट जागा खातो. पाच हजार मुलांनी महिन्यात प्रत्येकी शंभर एमबी पाहिलं तर पाचशे जीबी झाले, आणि ते बिल सर्व्हरवाला तुम्हालाच पाठवतो. यूट्यूबवर ठेवलं तर बिल नाही, पण धडा संपला की शेजारी कुस्त्या आणि रील दिसतात, मूल परत येत नाही. आम्ही शेवटी व्हिडिओ पेनड्राइव्हवर घालून केंद्रात वाटले. ऑनलाइन व्यासपीठवाले पेनड्राइव्ह वाटतात म्हणून थट्टा झाली, चालायचंच.

स्वतः करण्याआधी काय तयार आहे तेही पाहा. कोलोराडो विद्यापीठाच्या फेट या प्रकल्पातली विज्ञान-गणिताची हलती चित्रं मराठीतही आहेत, अपूर्णांकांची तर फार छान, आणि ती उतरवून नेटशिवाय चालवता येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी खुल्या परवान्याने मिळतात. दुसऱ्याचं वापरताना परवाना वाचा आणि नाव द्या. इथे आपल्या लोकांची एक ठाम समजूत असते, की ई-बालभारतीवर पुस्तकाची पीडीएफ फुकट उतरवता येते, म्हणजे तिची पानं आपल्या ॲपमध्ये टाकायला हरकत नाही. हरकत आहे. पुस्तकाच्या सुरुवातीलाच लिहिलेलं असतं, की सगळे हक्क पाठ्यपुस्तक मंडळाकडे आहेत आणि लेखी परवानगीशिवाय काही उद्धृत करता येणार नाही. वर्गात शिकवताना शिक्षकाला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं ५२ वं कलम मोकळीक देतं. ती मोकळीक म्हणजे जगाला खुलं करून ठेवायची परवानगी असं धरू नका. घटक तोच घ्या, उदाहरणं तुमची लिहा. तुम्ही जे लिहाल त्यावर पहिल्याच दिवशी क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे नाव देऊन इतरांना वापरू देणारा, परवाना छापा, आणि लिहिणाऱ्या प्रत्येकाकडून तशी एक ओळ सही करून घ्या. नंतर रुसवेफुगवे होतात आणि कुणीतरी 'माझे धडे काढून टाका' म्हणतं. आमच्याकडे झालंय.

लॉगिनसाठी मोबाइल क्रमांक आणि ओटीपी, हा शहरातल्या माणसाचा विचार आहे. घरात फोन एक, मुलं तीन, आणि फोन बापाबरोबर रानात किंवा गाडीवर. ऊसतोडीला गेलेल्या घराचं तर दिवाळीपासून चार-पाच महिने सगळंच दुसऱ्या जिल्ह्यात. अशा मुलाला जो कुठला फोन हाती येईल त्यावरून आपल्या जागी परत येता आलं पाहिजे. आम्ही शिक्षकाकडून वर्गाची यादी करून घेतो, तीही टोपणनावांची, आणि मुलाला चार चित्रांचा पासवर्ड देतो: मोर, छत्री, बैल, चमचा. पहिलीतलं मूलसुद्धा विसरत नाही. जन्मतारीख, आधार, पत्ता, फोटो यातलं काही मागू नका. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण बालक धरलाय, त्याची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि मुलांवर पाळत ठेवायला, त्यांना नेमून जाहिराती दाखवायला बंदी आहे. जी माहिती तुमच्याकडे नाहीच ती फुटतही नाही. शाळांवर हा कायदा नेमका कसा लागतो ते एखाद्या वकिलाला अर्धा तास विचारून घ्या.

शिक्षकांबद्दल तुम्हाला मी काय सांगू, तुम्ही स्वतःच शिक्षक आहात. पण व्यासपीठ बांधायला बसलं की शिक्षकही शिक्षकाला विसरतो. दिवसभर कुठली ना कुठली लिंक भरणाऱ्या माणसाला तुमचं व्यासपीठ म्हणजे आणखी एक लिंक. नोंदणीच्या अर्जात आम्ही आधी चौदा रकाने ठेवले होते. ते दोनवर आणले, नाव आणि शाळा, तेव्हा कुठे लोक आत येऊ लागले. आणि आत आल्यावर सगळ्यात जास्त काय दाबलं गेलं असेल? प्रिंट. तारे नाहीत, चर्चेची खोली नाही. घटक निवडायचा, वीस प्रश्न उचलायचे, दोन संच करायचे आणि ए-फोर कागदावर छापून घ्यायचे. आकारिक चाचणीच्या आठवड्यात आणि शिष्यवृत्तीच्या आधी त्या एका बटणावर झुंबड उडायची. ते बटण मी शेवटच्या क्षणी, सहज म्हणून घातलं होतं. तुम्ही पहिल्या दिवशी घाला, आणि छापील पानावर अपूर्णांकाची रेघ सरळ येते का ते शाळेच्या जुन्या प्रिंटरवर बघा.

दोन लाखांचं म्हणाल तर माझी वाटणी अशी. नाव आणि लहानसा भाड्याचा सर्व्हर, तीन वर्षांसाठी, पंचेचाळीस हजार बाजूला. बरा माइक आणि वापरलेले दोन लॅपटॉप, पस्तीस हजार. प्रश्न लिहिणाऱ्या आणि तपासणाऱ्या शिक्षकांना मानधन ऐंशी हजार. ही रक्कम ऐकून लोक दचकतात, 'शिक्षक फुकट करतील की' म्हणतात. पहिले दोन महिने करतात, मग घरची कामं निघतात. वापरणाऱ्याला मोफत ठेवायचं तर लिहिणाऱ्याला पैसे द्यावे लागतात. शाळांना भेटी द्यायला पंचवीस हजार. उरलेल्या पंधरांना हात लावू नका, कारण एप्रिलमध्ये काहीतरी बंद पडतंच. दर रविवारी सगळ्याची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या, आणि तीन महिन्यांतून एकदा ती प्रत खरंच उघडते का ते पाहा. आम्ही सात महिने एक रिकामी फाइल जपून ठेवत होतो.

आणि सर्व्हर: मूडल घेतलंत तर भारतात असलेला कुठलाही साधा व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा आभासी सर्व्हर, सुरुवातीला पुरतो. मात्र क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप सुरू करणारी सोय, चालू केलाय ना ते भाच्याला दोनदा विचारा, नाहीतर आतली निम्मी कामं गुपचूप थांबतात आणि कारण सापडत नाही. कोलिब्री घेतलंत तर सर्व्हर लागतच नाही.

भाच्याला ॲपपासून परावृत्त केलं म्हणून तो नाराज झाला तर त्याला दोन कामं द्या. एक, देवनागरी आकडे आणि ऱ्हस्व-दीर्घाची ती दुरुस्ती. दुसरं, प्रिंट. त्याआधी त्याला एका सोमवारी शाळेत बोलवा आणि पाचवीच्या मागच्या बाकावर दोन तास बसवा. डबा आणायला सांगा, दुपारनंतरचे तास जास्त बघण्यासारखे असतात. अपूर्णांकाचे पहिले चाळीस प्रश्न तयार झाले की मला पाठवा. कुठला चुकीचा पर्याय कुठल्या वहीतून आला ते समोर लिहिलेलं असेल तर तपासायला सोपं जाईल.